शंभर सुतांचा चौकोन

तीस चांदण्यांची गोधडी करायची होती. आडव्या पाच, उभ्या सहा. प्रत्येक चौकोन जोडून झाल्यावर बारा इंचांचा, म्हणजे वरची बाजू ६० बाय ७२ इंच. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या काकूंनी (वय ७२) नातीच्या लग्नासाठी ती मनावर घेतली होती. शेजारच्या वहिनी आणि काकूंची सून मदतीला आल्या. तिघींनी ओळी वाटून घेतल्या, प्रत्येकीच्या वाट्याला दोन ओळी, दहा चौकोन. काकूंनी सगळे तुकडे कापून तिघींचे गठ्ठे बांधून दिले आणि जिने तिने आपापल्या घरी, आपापल्या मशीनवर चौकोन शिवले.

डिसेंबरच्या मध्यावर काकूंचा फोन आला. "अगं, जरा येऊन जा. चांदण्या झाल्यात, पण जुळत नाहीत."

गेले तर ओसरीवर सतरंजी घालून सहाही ओळी एकाखाली एक मांडलेल्या होत्या. अजून चौकोन एकमेकांना जोडले नव्हते, नुसते कडेला कड लावून ठेवले होते. तरीही डावीकडची कड सरळ आणि उजवीकडची पायऱ्यांसारखी दिसत होती. काकूंची ओळ सगळ्यांत आखूड, सुनेची सगळ्यांत लांब, दोन्हींत जवळजवळ दोन इंचांचा फरक. वहिनींची ओळ मधेच कुठेतरी. मला त्याहून जास्त खटकली ती टोकं. चांदणीच्या मधल्या चौकोनाला चार बाजू असतात आणि प्रत्येक बाजूच्या बरोबर मध्यावर पांढऱ्या त्रिकोणाचं टोक येऊन टेकतं. काकूंच्या चौकोनांत ही टोकं बोथट होती, कुणी कात्रीने शेंडा उडवावा तशी. सुनेच्या चौकोनांत टोक मधल्या चौकोनाला टेकतच नव्हतं, किंचित अलीकडे थांबलं होतं आणि मधे लाल रंगाची बारीक फट दिसत होती.

मोजमापाबद्दल आधी दोन शब्द. इंचपट्टीवर इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत. सुतार, शिंपी, जुनी माणसं सगळे याच भाषेत बोलतात आणि या कामाला ती फार सोयीची पडते. तुकड्याला तुकडा जोडून करायच्या गोधडीत शिवणीसाठी माया, म्हणजे शिवणीपासून कडेपर्यंत सोडलेलं कापड, ठेवतात पाव इंच, म्हणजे दोन सूत. मिलिमीटरमध्ये ६.३५. ब्लाउजला आपण इंच-दीड इंच माया ठेवतो, उद्या अंग भरलं तर उसवता यावं म्हणून. इथे तसली उदारता नाही. दोन सूत म्हणजे दोनच सूत.

या चांदणीला अमेरिकेतल्या गोधडी करणाऱ्या बायका 'सॉटूथ स्टार' म्हणतात. बांधणी सोपी आहे. मधे साडेसहा इंचांचा चौकोन, चार कोपऱ्यांना साडेतीन इंचांचे चौकोन, आणि चार बाजूंना साडेतीन बाय साडेसहाचे आयत. त्या आयतांतच चांदणीचे पाय असतात. शिवून झाला की चौकोन कच्च्या, म्हणजे अजून न शिवलेल्या, कडेपासून कच्च्या कडेपर्यंत साडेबारा इंच भरायला हवा. सुतांत सांगायचं तर बरोबर शंभर. पुढच्या सगळ्या हिशेबात हा शंभरचा आकडा मला फार उपयोगी पडला.

काकूंची मापं घेतली: अठ्ठ्याण्णव. वहिनींची: साडेनव्व्याण्णव. सुनेची: एकशे एक. एखाद्या चौकोनात नव्हे, प्रत्येकीच्या दहाच्या दहा चौकोनांत जवळपास तेच. तिघींना विचारलं, शिवण किती धरली? तिघींनीही छातीठोकपणे सांगितलं, पाव इंच.

माझा पहिला संशय कात्रीवर गेला. काकूंनी पुठ्ठ्याचा साचा ठेवून, खडूने आखून कापलं होतं. खडूच्या रेघेला जाडी असते. शंभरदा आखल्यावर पुठ्ठ्याचे कोपरे झिजतात. शिवाय वय ७२. मनात म्हटलं, इथेच गडबड. उरलेल्या तुकड्यांचा डबा मागवला आणि एकेक तुकडा मोजला. साडेसहाचे तुकडे साडेसहा, साडेतीनचे साडेतीन, कोपरे काटकोनात. काकूंनी दर दहा तुकड्यांनंतर नवा साचा कापला होता आणि खडू दर वेळी ब्लेडने तासला होता. मी मनात घेतलेला संशय त्यांना बोलून दाखवला आणि चुकीचा निघाला हेही सांगितलं.

मग आयत पाहिले. चांदणीचे पाय करताना पांढऱ्या आयतावर लाल (काही चांदण्यांत काळा) चौकोन ठेवायचा, चौकोनाच्या कर्णावर रेघ मारायची, त्या रेघेवर शिवायचं, बाहेरचा कोपरा दोन सूत ठेवून कापायचा आणि लाल त्रिकोण उलटवायचा. दुसऱ्या टोकालाही तेच. काकूंच्या डब्यात असे दोन-चार जादा आयत शिल्लक होते, वहिनींकडे आणि सुनेकडेही होते. तिघींचेही साडेतीन बाय साडेसहा, सूतभरही इकडे तिकडे नाही. मग कोडं अर्धं सुटलं. तुकडे बरोबर, आयत बरोबर, चौकोन चूक. म्हणजे बिघाड आयत आणि चौकोन यांच्या मधल्या टप्प्यावर होता. आयत करताना शिवण आखलेल्या रेघेवर चालली होती, तिथे पाव इंचाचा कस लागलाच नव्हता. तो लागला पहिल्यांदा जोडणीच्या वेळी, आणि तिथेच तिघी तीन दिशांना गेल्या.

तिघींना आपापल्या मशीनवर एकच काम करायला सांगितलं. दीड इंच, म्हणजे बारा सूत रुंदीच्या तीन पट्ट्या घ्यायच्या, सहा इंच लांबीच्या. तिन्ही उभ्या जोडायच्या, नेहमी शिवता तशाच. मुद्दाम जपून शिवायचं नाही. इस्त्री करून आणायच्या. माया दोन सूत धरली गेली तर मधली पट्टी बरोबर एक इंच, आठ सूत दिसायला हवी. या कामात मला यापेक्षा खरी परीक्षा माहीत नाही. शिवणीपाशी पट्टी लावून पाव इंच बघण्यापेक्षा ही शंभर पटीने बरी, कारण इथे आपण शिवण मोजत नाही, शिवल्यावर उरलेलं कापड मोजतो.

काकूंची मधली पट्टी भरली सात सूत. सुनेची साडेआठ. वहिनींची आठाला पाव सूत कमी.

काकूंचं मशीन काळं, पायाने चालवायचं, सासूबाईंच्या वेळचं. एकच सरळ टाका, पण काय टाका! सुईच्या पट्टीचं भोक बारीक असल्यामुळे कापडाचा कोपरा आत ओढला जात नाही, शिवण सुतासारखी सरळ जाते. काकू कापडाची कड फूटच्या, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या भागाच्या, उजव्या कडेला लावून शिवत होत्या, पन्नास वर्षांची सवय. चाक हाताने फिरवून सुई प्लास्टिकच्या मोजपट्टीवर टेकवली आणि फूटची कड कुठे येते ते पाहिलं. दोन सुतांच्या पुढे, अडीचच्या थोडं अलीकडे. आजवर त्यांनी शिवलेल्या परकर-पोलक्यांना याचा कधी त्रास झाला नव्हता. त्यांच्या जुन्या गोधड्यांनाही नाही, कारण त्या गोधड्यांत ठिगळावर ठिगळ चढतं, कड आत मुडपून वर धावदोरा घालतात. तिथे माया कमी-जास्त झाली तर खालच्या थरात मुरते. इथे तुकडा तुकड्याशी भिडतो, मुरायला जागाच नाही.

अर्ध्या सुताने एवढं काय होतं, असं काकूंनी विचारलं. मी कागदावर काढून दाखवलं. एका शिवणीत दोन्ही बाजूंची माया जाते, म्हणजे अर्धं सूत दोनदा. चौकोनाच्या मधून आडवं गेलं तर दोन शिवणी लागतात, म्हणजे चार वेळा अर्धं, एकूण दोन सूत. शंभरचे अठ्ठ्याण्णव झाले ते इथे. टोकाचा हिशेब त्याहून निष्ठुर. टोकाच्या दोन्ही बाजू तिरक्या, ४५ अंशांत. शिवण टोकाच्या आत अर्धं सूत गेली की वर दिसणारा बोथट भाग एक सूत रुंद होतो. डोळ्याला चूक दुप्पट दिसते.

सुनेचं मशीन विजेचं, झिगझॅग करणारं. त्याचा फूट रुंद असतो म्हणून तिने सुई उजवीकडे सरकवून घेतली होती. विचार बरोबर होता. फक्त किती सरकवली ते मोजलं नव्हतं, अंदाजाने घेतली होती, आणि ती पावणेदोन सुतांवर येऊन बसली होती. बाकी तिचं काम इतकं नीटनेटकं की दहाही चौकोन एकसारखेच एकशे एक भरावेत.

वहिनींपाशी मी सगळ्यात जास्त वेळ बसले. त्यांनी पाव इंचाचा खास फूट आणला होता. शिवणीच्या मागे पट्टी लावली तर माया नेमकी दोन सूत, कुठेही पट्टी लावा. तरी चौकोन साडेनव्व्याण्णव. वहिनी रडकुंडीला आल्या होत्या. "माझं चुकलं कुठे ते तरी सांगा."

त्यांचं चुकलं नव्हतंच. शिवण झाल्यावर माया एका बाजूला वळवून इस्त्री करतो तेव्हा कापड शिवणीवरून वाकतं, आणि त्या वळणात थोडं कापड खर्ची पडतं. चादरीला कोपऱ्यावर घडी घालताना जसं बाहेरच्या थराला जास्त जावं लागतं, तसंच. बारीक मलमल असेल तर हा खर्च जाणवत नाही. या गोधडीत लाल आणि काळे तुकडे बाग प्रिंटचे होते, धार जिल्ह्यातल्या बाग गावच्या छपाईचे, कापड चांगलं भरीव. त्यावर आतल्या बाजूने चार-सहा थर येतात. दर शिवणीमागे पाव सूत घडीने खाल्लं. म्हणून शिवताना माया दोन सूत धरायचीच नाही, दोन सुतांना एक-दोन धागे कमी धरायची. उरलेलं घडी भरून काढते. वहिनींच्या खास फूटने दिलेलं माप खरं होतं, पण मोजायचं होतं ते दुसरंच. पाव इंच शिवणीत धरण्यापेक्षा मधली पट्टी आठ सूत येणं महत्त्वाचं, आणि ती येण्यासाठी सुई कुठे असावी ते कापड ठरवतं. कापड बदललं की तीन पट्ट्या पुन्हा शिवून बघाव्या लागतात.

हे बोलत होतो तोवर काकू पाण्याचा फवारा घेऊन आल्या. आखूड चौकोन ओले करून ताणून इस्त्री केली तर बसतील, असं त्यांच्या मनात होतं. मी हात धरला. पांढरं कापड कोरी कॅम्ब्रिक होती, महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधून आणलेली, न धुता कापलेली, अजून खळ तशीच. बाग प्रिंटचं तसं नाही. छपाईच्या आधी आणि नंतर ते कापड इतक्यांदा धुतलं, उकळलं जातं की आटायचं ते बहुतेक आटून येतं. कॅम्ब्रिकचा एक साडेसहा इंची तुकडा भिजवून इस्त्री करून दाखवला, जवळजवळ अर्धं सूत कमी भरला. एकाच चौकोनात एक कापड आटणार आणि दुसरं तसंच राहणार, म्हणजे टोकं आणखी वाकडी. ताणलं तर तिरक्या शिवणी उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरक्या, असल्यामुळे लाटा येणार. सगळी कॅम्ब्रिक आता कापून झाली होती, धुण्याची वेळ टळून गेली होती. तेव्हा ठरवलं, गोधडी पूर्ण होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. कोरडी इस्त्री, तीही टेकवायची आणि उचलायची, फिरवायची नाही. पुढे पहिल्या धुण्यात सगळीच कॅम्ब्रिक सारखी आटेल आणि गोधडीला सुरकुती येईल. गोधडीला सुरकुती शोभते.

आता तीस चौकोनांचं काय करायचं? प्रत्येकीची वाट वेगळी ठरली, कारण प्रत्येकीची चूक वेगळी होती.

सुनेचं सर्वात सोपं. ज्याची माया कमी झाली ते दुरुस्त करायला उसवावं लागत नाही, आतून पाव सूत सोडून दुसरी शिवण घातली की झालं. फक्त लांब दोन शिवणींच्या खाली लहान शिवणींची टोकं अडकलेली असतात, म्हणून चौकोनामागे त्या दोन लांब शिवणी उसवल्या, लहान सहा आतून पुन्हा घातल्या, मग लांब दोन पुन्हा जोडल्या. तिने आधी विचारलं होतं, "ताई, कडेने कापून शंभर करू का?" नाही करायचं. चांदणीची बाहेरची टोकं कच्च्या कडेपासून पावणेदोन सुतांवर उभी होती. कडेचं अर्धं सूत कापलं असतं तर शेजारचा चौकोन जोडताना शिवण टोकाच्या आत गेली असती आणि सगळ्या चांदण्या बोथट झाल्या असत्या. टोकाच्या पुढे कोरी राहिलेली ती माया वाया गेलेली जागा दिसते, पण टोक तिच्याच जोरावर टोक राहतं.

वहिनींचे दहा चौकोन तसेच ठेवले. अर्धं सूत बारा इंचांत सहज सामावतं. मोठा चौकोन खाली, मशीनच्या दात्यांच्या बाजूला ठेवायचा आणि लहान वर. दाते खालचं कापड किंचित जास्त पुढे ढकलतात, फरक आपोआप जिरतो. दर तीन इंचांवर टाचणी हवी, एवढंच.

काकूंचे मात्र पूर्ण उसवायला लागले. माया जास्त गेलेली, म्हणजे खरी शिवण जुन्या शिवणीच्या बाहेर यायची. चौकोनामागे आठ शिवणी, दहा चौकोनांच्या ऐंशी. सुनेने वाटून घेऊ म्हटलं. काकू म्हणाल्या, "माझ्या हाताने गेलंय, माझ्याच हाताने येईल." उसवायचं कसं ते मी त्यांना शिकवावं असं नव्हतं. दर तिसरा-चौथा टाका तोडायचा, उलटून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढायचा. कापड ओढायचं नाही. चार दुपारी त्यांनी उन्हात बसून ऐंशीच्या ऐंशी शिवणी सोडवल्या.

काळ्या मशीनला काकूंना नवा फूट नको होता, आणि गरजही नव्हती. सुई दोन सुतांना एक धागा कमी अशा जागी टेकवून, दात्यांच्या अलीकडे मशीनच्या पाटावर जुन्या लग्नपत्रिकांच्या चार पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. कागदाची भिंत झाली. कड भिंतीला घासत न्यायची, फूटकडे पाहायचंच नाही. पहिल्या तीन पट्ट्यांत मधली आठाला थोडी कमी आली. भिंत केसभर सुईकडे सरकवली. दुसऱ्यांदा बरोबर आठ. काकूंनी ती पट्टी दोनदा मोजली आणि मशीनच्या खणात ठेवून दिली.

मग टोकांचा धडा. हा एक प्रसंग मी जवळून सांगते, कारण सगळी कमाई तिथे आहे. आयत मधल्या चौकोनाला जोडताना आयत वर ठेवायचा, उलटी बाजू डोळ्यांसमोर. त्या उलट्या बाजूला दोन तिरक्या शिवणी एकमेकींना छेदून फुली करतात. फुलीचा मध्य कच्च्या कडेपासून दोन सुतांवर असतो आणि सुलट बाजूने बरोबर त्याच्याखाली टोक असतं. काकूंनी फुलीच्या मध्यातून टाचणी सरळ खाली घातली, तिरकी होऊ दिली नाही, आणि दोन बाजूंना दोन टाचण्या लावून ती काढून घेतली. आधी एका चिंधीवर चार टाके, दोरा न तोडता त्याच ओघात आयत. फुली जवळ आली तशी त्यांनी पायाचा वेग उतरवला, शेवटचे तीन टाके चाक हाताने फिरवून घेतले. सुई फुलीच्या मध्यावर नाही, त्याच्या एक धागा बाहेर, कडेच्या अंगाला उतरली. मध्यावर घातली तर घडीच्या सावलीत टोकाचा शेंडा बुडतो, एक धागा सोडला की तो वर उभा राहतो. त्यांनी चौकोन उलटवला, इस्त्री टेकवली, उचलली. पांढरं टोक लाल चौकोनाच्या काठाला अगदी टेकलेलं. काकू काही बोलल्या नाहीत, नखाने त्या टोकावरून एकदा हात फिरवला आणि पुढचा आयत उचलला.

माया कोणत्या बाजूला वळवायची याचा एक साधा नियम तिघींना लावून दिला. वरच्या आणि खालच्या ओळीत कोपऱ्यांकडे, मधल्या ओळीत मधल्या चौकोनाकडे. त्यामुळे ओळी जोडताना दोन माया विरुद्ध तोंडांनी येतात आणि बोटाला खाचेत खाच बसल्यासारख्या लागतात. टाचणी नसली तरी चालतं. चौकोनाला चौकोन जोडताना मात्र माया दोन्हीकडे उघडून इस्त्री केली, नाहीतर जिथे टोकं भेटतात तिथे थरांचा गठ्ठा होतो आणि नंतर धावदोऱ्याची सुई अडते.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सहा ओळी पुन्हा सतरंजीवर मांडल्या. काकूंचे दहा चौकोन शंभर, त्यांतला एक शंभराला किंचित कमी. सुनेचे शंभर. वहिनींचे होते तसे. उजवीकडची कड सरळ आली. काकूंच्या एका चौकोनात उसवताना बाग प्रिंटचा एक तुकडा फाटला होता आणि त्या रंगाचं कापड उरलं नव्हतं, म्हणून तिथे काळ्याऐवजी लाल पाय लावला. तीस चांदण्यांत ती एक वेगळी दिसते, खालून दुसऱ्या ओळीत, डावीकडून चौथी.

पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून आणला, अस्तर काकूंच्या दोन जुन्या नऊवारींचं. धावदोरा काकू स्वतः घालताहेत, रोज दुपारी एक ते चार, ओसरीवर. आज सकाळी गेले तेव्हा दोन ओळी भरून झाल्या होत्या.